ठेवीदारांचे पैसे परत करा!

पतपेढी बुडाली की काय होते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. बंद शटरसमोर रांग लागते. पेन्शनवाले आजोबा, भाजीवाली, मुलीच्या लग्नासाठी पै पै साठवलेला रिक्षावाला, सगळे पासबुक हातात घेऊन उभे असतात आणि आत उत्तर द्यायला कोणी नसते. त्या रांगेकडे बोट दाखवून ‘या लोकांना बचतीची अक्कलच नाही’ असे कोणी म्हणाले, तर रांग त्याला जागेवरून हलू देणार नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय समाजाला मात्र हे वाक्य दीडशे वर्षे ऐकवले जात आहे. ऐकवणाऱ्यांनी आधी त्या समाजाची बँक कोणी बुडवली ते सांगावे!

बँक खरोखरच होती. 3 मार्च 1865 रोजी अब्राहम लिंकन यांनी तिच्या सनदेवर सही केली. नाव फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक. नुकतेच गुलामीतून सुटलेले लोक आणि पलटणीतले कृष्णवर्णीय शिपाई यांनी पैसा साठवावा म्हणून ती निघाली. पाच सेंट घेऊन आलेल्यालाही खाते मिळे. आयुष्यभर स्वतःच विकाऊ माल म्हणून वहीत नोंदली गेलेली माणसे पहिल्यांदा आपल्या नावाची वही हातात धरत होती. धुणेवाल्या, शेतमजूर, न्हावी, मोलकरणी तिच्या खिडकीशी येत. बँकेमागे सरकार उभे आहे असे त्यांना भासवले गेले. सनद अमेरिकी काँग्रेसची, मुख्य कचेरी वॉशिंग्टनमध्ये सरकारी खजिन्याच्या समोर. त्यांनी विश्वास का ठेवू नये?

ठेवी सरकारी रोख्यांत ठेवायच्या, असा मूळ नियम होता. 1870 साली काँग्रेसने तो सैल केला आणि बँकेच्या तिजोरीला वाट फुटली. अर्थसमितीचा प्रमुख होता हेन्री कुक. त्याचा भाऊ जे कुक हा रेल्वेसाठी पैसा उभा करणारा देशातला बडा सावकार. धुणेवालीचे पाच सेंट सट्टेबाजांच्या कर्जांत गेले. 18 सप्टेंबर 1873 रोजी जे कुकच्या पेढीचे दिवाळे वाजले आणि बाजार कोसळला. पुढच्या मार्चमध्ये या पोकळ झालेल्या बँकेच्या अध्यक्षपदी फ्रेडरिक डग्लस यांना बसवण्यात आले, म्हणजे नुकसान गोऱ्यांनी करायचे आणि दरवाजाला कुलूप लावताना हात मात्र कृष्णवर्णीय पुढाऱ्याचा दिसायचा. डग्लस यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर त्यात घातले. 29 जून 1874 ला बँक बंद झाली. 61 हजारांहून अधिक ठेवीदार, सुमारे 30 लाख डॉलर. काहींना पुढे वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने थोडेफार मिळाले. हजारोंना छदामही मिळाला नाही.

या तारखांवर आम्ही रेंगाळतो त्याला कारण आहे. जे कुकची पेढी बसली त्यानंतर सहाच दिवसांनी, 24 सप्टेंबर 1873 रोजी, पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी त्यांचे ‘गुलामगिरी’ निघाले आणि जोतीरावांनी ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले. शूद्रातिशूद्रांनाही असेच सोडवणारे हात आपल्या देशात निघावेत, ही त्यामागची तळमळ. त्या अर्पणपत्रिकेमुळेच आम्हाला हा सवाल टाकण्याचा अधिकार आहे: ज्या कामासाठी जोतीरावांनी तुमचे उपकार मानले, ते काम तुम्ही अर्ध्यावर का टाकले? बेडी तोडली, पण मजुरी कुठे आहे?

मोबदल्याची पद्धत अमेरिकेला ठाऊक नव्हती असे नाही. 1862 साली राजधानीच्या जिल्ह्यात गुलामी रद्द झाली तेव्हा सरकारने मोबदला मोजला, एकेका माणसामागे 300 डॉलरपर्यंत. तो मिळाला मालकांना! गुलामांना देऊ केले ते 100 डॉलरपर्यंत, आणि तेही देश सोडून जात असाल तरच. त्याच वर्षी होमस्टेड कायदा आला. 160 एकर जमीन, जवळजवळ फुकट. मूळ रहिवाशांकडून बळकावलेली ही कोट्यवधी एकर जमीन पडली बहुतांश गोऱ्या कुटुंबांच्या पदरात. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आलेले चाळीस एकर किती दिवस टिकले? जनरल शेर्मन यांनी जानेवारी 1865 मध्ये दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन त्यांना तोडून दिली. लोकांनी पेरणीही केली. लिंकन यांच्या हत्येनंतर गादीवर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष संपण्याआधी ती बंडखोर मळेवाल्यांना परत देऊन टाकली. ज्यांनी देशाविरुद्ध बंदूक उचलली त्यांना माफी आणि जमीन, ज्यांनी देशासाठी उचलली त्यांना पुन्हा त्याच मालकाची बटाई. असला न्याय कोणत्या धर्मात बसतो?

पुढच्या शतकात लुटीने फक्त कपडे बदलले. टल्सा शहरातला ग्रीनवुड मोहल्ला 1921 साली गोऱ्या जमावाने जाळला. दुकाने, हॉटेले, दवाखाने, पस्तीसेक चौकांची वस्ती दोन दिवसांत राख झाली आणि विमा कंपन्यांनी हात वर केले. पण आग तरी दिसते. 1930 च्या दशकात जे सरकारी कचेऱ्यांत घडले ते दिसलेही नाही. घरकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले. कृष्णवर्णीय वस्त्या तांबड्या, म्हणजे तिथे कर्ज धोक्याचे. डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरला घरांचा प्रकल्प उभारायचा होता. सरकारी हमी मिळेना, कारण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती. 1941 साली त्याने मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत बांधली. लगेच हमी मिळाली! ती भिंत आजही उभी आहे. त्या सिमेंटमध्ये सरकारच्या पापाचा ठसा आहे आणि त्यावर मुलांसाठी रंगवलेल्या चित्रांनी तो पुसला जाणार नाही.

मग महायुद्ध संपले. परतलेल्या सैनिकांना घर, धंदा, शेती यांसाठी स्वस्त कर्ज देणारा कायदा 1944 मध्ये झालाच होता. अमेरिकेचा मध्यमवर्ग या कायद्याच्या खांद्यावर बसून मोठा झाला. आता मिसिसिपी राज्याचा आकडा ऐका. 1947 साली तिथल्या 13 शहरांची पाहणी झाली. सरकारी हमीची 3,229 कर्जे दिली गेली होती. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना दोन. दोन टक्के नव्हे, दोन कर्जे. बाकीच्या कृष्णवर्णीय जवानांनी युद्धात काय कमी रक्त सांडले होते?

घर हीच सामान्य कुटुंबाची पुंजी. घराची किंमत वाढते, तिच्यावर मुलगा कॉलेजात जातो, मुलगी दुकान टाकते, दुखणे आले तर निभावते. आजोबाला कर्ज नाकारले म्हणजे नातवाला भांडवल नाकारले. म्हणून 2022 च्या अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत मधोमधच्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता 2 लाख 85 हजार डॉलर निघते आणि मधोमधच्या कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. सहापटींहून जास्त अंतर. हे अंतर आळसाने पडत नाही. ते सही-शिक्क्यानिशी पाडले गेले आहे.

आणि आता कळस पाहा. 1866 साली काँग्रेसने जॉन्सन यांचा नकाराधिकार मोडून एक कायदा केला. करार करण्याचा जो हक्क गोऱ्या नागरिकाला, तोच मुक्त झालेल्या गुलामाला, असा त्याचा अर्थ. अटलांटामध्ये फिअरलेस फंड नावाची एक संस्था कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छोट्या उद्योगांना 20 हजार डॉलरचे अनुदान देत होती. अमेरिकेतल्या साहसवित्ताचा एक टक्काही ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, अशा स्त्रिया या. या फंडाविरुद्ध 2023 साली दावा ठोकला गेला, आणि तो याच 1866 च्या कायद्याखाली! जून 2024 मध्ये अपील न्यायालयाने दावेदारांच्या बाजूने अंतरिम कौल दिला, आणि सप्टेंबरात ते अनुदान कायमचे बंद झाले. गुलामांच्या संरक्षणासाठी घडवलेली ढाल गुलामांच्या पणतींच्या डोक्यात घालण्यात आली. आम्ही याला न्याय म्हणणार नाही.

आमच्याच माणसांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. न्यू जर्सीच्या दिवाळी फराळाला, शिकागोच्या गणपतीत हे वाक्य आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे: ‘आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, मेहनतीने वर आलो, मग यांना काय अडचण आहे?’ बंधूंनो, भगिनींनो, ते दार तुम्हाला कोणी उघडले? 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारले होते. 1946 नंतरही स्थलांतरात साऱ्या भारताचा वाटा वर्षाला शंभर माणसांचा. मतदानाच्या हक्कासाठी कृष्णवर्णीयांनी सेल्माच्या पुलावर डोकी फोडून घेतली, तेव्हा 3 ऑक्टोबर 1965 रोजी वंशाचा तो कोटा मोडणाऱ्या कायद्यावर लिंडन जॉन्सन यांची सही झाली. त्याच्या नऊच दिवस आधी त्याच जॉन्सन यांनी सरकारी कंत्राटदारांना भेदभाव न करण्याचे बंधन घालणारा आदेश काढला होता. दोन्ही त्याच लढ्याची फळे. कंत्राटदारांचा तो आदेश 21 जानेवारी 2025 रोजी ट्रम्प यांनी रद्द केला. तुमच्या वाट्याचे फळ तुमच्या घरात सुखरूप आहे, आणि झाड लावणाऱ्याच्या अंगणावर कुऱ्हाड पडताना तुम्ही गुणवत्तेवर प्रवचन देता? आम्हीही इथे ‘गुणवत्ता’ याच शब्दाआड पिढ्यांची मक्तेदारी लपताना पाहिली आहे. तो आवाज आम्ही लगेच ओळखतो.

आमची मागणी साधी आहे. हिशेब मांडा. इलिनॉय राज्यातल्या इव्हॅन्स्टन या छोट्या शहराने तो मांडला. आपल्याच नगरपालिकेने घरांबाबत केलेला भेदभाव कबूल केला आणि बाधित कुटुंबांना 25 हजार डॉलर देणे सुरू केले. एका गावाला जमते ते महासत्तेला का जमू नये? खासदार जॉन कॉनियर्स यांनी 1989 साली वॉशिंग्टनमध्ये एक विधेयक मांडले. त्याला क्रमांक मागून घेतला 40, त्या चाळीस एकरांच्या आठवणीत. त्यात एक डॉलरही वाटण्याची तरतूद नाही. गुलामीचे आणि त्यानंतरच्या भेदभावाचे देणे किती, ते अभ्यासायला एक आयोग नेमा, एवढेच ते मागते. कॉनियर्स गेले, विधेयक पुन्हा पुन्हा मांडले गेले. 2021 साली ते पहिल्यांदा समितीतून बाहेर पडले. सभागृहात त्यावर मतदान झालेलेच नाही.