फुगडी आधी थांबवायला शिकवा

ईदच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी सांगलीत भेटली. आता पुण्यात नोकरी करते. म्हणाली, "मॅडम, साल्साचा क्लास लावायचा विचार आहे. जोडीनं नाचायचं असतं. शनिवारी रात्री सगळे जमतात आणि नाचतात. पण क्लास चांगला की वाईट, हे कसं ओळखायचं?"

मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. साल्सा मी फक्त टीव्हीवर पाहिलाय. तरी मला उत्तर सुचलं, कारण जोडीनं नाचणं मला येतं. सातारा-सांगलीकडच्या माझ्या वयाच्या पुष्कळ बायकांना येतं. आम्ही त्याला नाच म्हणत नाही, फुगडी म्हणतो.

"पहिल्या दिवशी काय शिकवतात ते बघ," मी म्हटलं. "नुसतं गरगर फिरायला शिकवलं, तर दुसऱ्या दिवशी जाऊ नकोस. थांबायला शिकवलं, तर बिनधास्त फी भर."

ती हसली. मी मात्र मनापासून सांगत होते. का, ते इथं लिहिते.

माझं माहेर कराडजवळचं. पंचमीला गावच्या लेकी माहेरी यायच्या. हातावर मेंदी, झाडाला झोका आणि संध्याकाळी पटांगणात फेर, झिम्मा, फुगडी. आमच्या गल्लीत मुसलमानांची मोजकी घरं. अम्मी स्वतः फेरात उतरायची नाही, पण आम्हा बहिणींना तिनं कधी अडवलं नाही. मला फुगडी शिकवली ती शेजारच्या काकींनी. मी सात-आठ वर्षांची असेन. पहिल्या दिवशी त्यांनी मला फिरवलंच नाही. समोर उभं केलं, हातांची फुली करून माझे पंजे धरले, पावलाला पाऊल भिडवलं आणि म्हणाल्या, "आता मागं झुक. सगळं वजन माझ्यावर टाक."

मला ते जमेना. पडू असं वाटायचं. कोपरं वाकवून मी स्वतःला सावरत राहायची. काकी म्हणायच्या, "हात ताठ ठेव. तू मला ओढ, मी तुला ओढते. दोघींनी सारखं ओढलं की कुणी पडत नाही." दुसऱ्या दिवशी एकच गिरकी आणि लगेच थांबणं. वेग कसा उतरवायचा, पावलं कशी जड टाकायची, दोघी आपापल्या पायावर नीट उभ्या राहीपर्यंत पंजा कसा धरून ठेवायचा, हे सगळं घोटून घेतलं. खरी फुगडी तिसऱ्या दिवशी.

पुढे बी.एड. करताना 'सोप्याकडून कठीणाकडे' हे अध्यापनाचं सूत्र पाठ केलं, तेव्हा मला काकी आठवल्या. त्यांनी त्यात स्वतःची भर घातली होती. आधी शेवट शिकवायचा, मग सुरुवात. फुगडीतल्या मुली फिरताना क्वचित पडतात, थांबताना पडतात. एकीला घेरी येते, ती मधेच हात सोडते आणि दुसरी जाऊन भिंतीवर आदळते. जास्त लागतं ते तिला, कारण तिला कल्पनाच नसते. म्हणून जोडीच्या कुठल्याही नाचाच्या वर्गाची माझी पहिली कसोटी हीच: समोरचीचं वजन आपल्या हातात आहे, हे तिथं शिकवतात का?

दुसरी कसोटी जोड्यांची. शाळेच्या कार्यक्रमासाठी आपण काय करतो? सारख्या उंचीच्या मुली निवडतो, त्यांच्या जोड्या पक्क्या करतो आणि पंधरा दिवस तालीम घेतो. बक्षीस मिळतं. पण त्या मुलींना फुगडी आलेली नसते, एका ठरावीक मैत्रिणीबरोबर फिरता येत असतं, एवढंच. हल्ली मंगळागौरीच्या स्पर्धांतही हेच दिसतं. बसफुगडी, दंडफुगडी, जातं, वटवाघूळ, सगळे प्रकार सुबक, सगळ्यांच्या नऊवारी एका रंगाच्या. खाली खुर्च्यांवर बसलेल्या बायका टाळ्या वाजवतात आणि एकही फेरी न खेळता घरी जातात. त्यांच्यातल्या कितीजणी आपल्या गावात रात्र रात्र खेळलेल्या असतील!

फेराच्या रात्री असं नसायचं. एकदा जाडजूड वहिनी वाट्याला यायची, लगेच पुढच्या वेळी काडीसारखी चुलतबहीण. जड बाईबरोबर फिरताना हलकीला मोठं रिंगण घ्यावं लागतं आणि जड बाई जवळपास जागेवरच फिरते. हे मी विज्ञानाच्या पुस्तकात नंतर वाचलं, हातांना आधीच कळलं होतं. दांडियात जोडीदार बदलणं खेळातच बांधलेलं आहे. दोन रांगा समोरासमोर, ठरलेले ठोके झाले की पुढे सरकायचं. नवख्या मुलीला त्यामुळे थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी जाणती भेटत राहते. मोहरममध्ये आमच्याकडे गावोगावी करबल नाचतात. रिंगणात हिंदूही असतात, मुसलमानही. तिथं वेगळा वर्ग भरत नाही. नव्या पोराला दोन जाणत्यांच्या मधे उभं करतात आणि दोन-तीन रात्रींत त्याचं पाऊल बरोबर पडायला लागतं. क्लासमध्येही एवढंच बघावं. शिकवणारा आपल्या तोलाच्या जोडीदाराबरोबर मिरवत बसतो, की वर्गातल्या सगळ्यांत कच्च्या माणसाचा हात धरतो?

तिसरी कसोटी विचारण्याची. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

भिंतीला टेकून बसलेल्या बाईला हाताला धरून ओढण्यात आपल्याकडे प्रेम मानतात. मला ते पटत नाही. तिचा गुडघा दुखत असेल. तिला दिवस गेलेले असतील आणि अजून कुणाला सांगितलं नसेल. किंवा नुसतं मन नसेल. नकाराचं कारण चारचौघींत सांगायला लावणं हा जुलूम आहे. अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्स शहरात टँगोच्या रात्री लांबूनच नजरेनं विचारायची रीत आहे. नजर मिळाली, मान हलली, की उठायचं. समोरच्यानं नजर वळवली, की विषय संपला. चार लोकांना कळतही नाही आणि कुणाचा अपमान होत नाही.

अशी रीत शोधायला एवढ्या लांब जायची गरज नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या सातारा जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. त्या वाटेवर अनोळखी वारकरी एकमेकांशी फुगडी धरतात. बायका धरतात, पुरुष धरतात, सत्तरी गाठलेले म्हातारेही धरतात. तुकोबांच्या गाथेत फुगडीवर अभंग आहेत, इतकी ही जुनी गोष्ट. हे लोक एकमेकांच्या पायांना हात लावतात आणि मग हात हातात देतात. ज्याच्या आधारानं फिरायचं त्याला आधी मान द्यायचा, मग तो कुठल्या गावचा आणि कुठल्या जातीचा, हे कुणी विचारत नाही.

पण ओढायचं नाही म्हणजे विसरायचं, असं नव्हे. माझी फुप्पी तरुणपणीच विधवा झाली. इद्दत संपून वर्षं लोटली, तरी घरात हळदीच्या रात्री बायका गाऊ-नाचू लागल्या की तिच्याकडे कुणी बघायचं नाही. ती कडेला बसून सगळ्यांची लहान पोरं सांभाळायची. तिला वाईट वाटू नये म्हणून विचारत नाही, असं सगळ्याजणी म्हणायच्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या हळदीला शेजारच्या त्याच काकी आल्या होत्या. त्या फुप्पीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पुढे केले आणि काही न बोलता थांबल्या. फुप्पीनं मान हलवली. काकी "बरं" म्हणाल्या आणि परत गेल्या. अर्ध्या तासानं पुन्हा आल्या आणि पुन्हा तशाच थांबल्या. या वेळी फुप्पीनं मांडीवरचं पोर माझ्याकडे दिलं आणि ती उठली. दोन-तीनच फेऱ्या झाल्या असतील. नंतर कितीतरी वेळ ती धापा टाकत, हसत, ओढणीनं तोंड पुसत होती. त्या रात्री सगळ्यांत छान कोण नाचलं, हे मला आठवत नाही. फुप्पी उठली, एवढं आठवतं.

आता दाराविषयी. नवरात्रात दांडियाच्या दारावर आधार कार्ड बघूनच आत सोडा, अशी मागणी अलीकडे आपल्या राज्यात झाली. ती वाचली तेव्हा मला आमचं पटांगण आठवलं. काकींना माझं नाव ठाऊक होतं आणि ते ऐकून त्यांनी हात मागे घेतला नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम नावाचं नृत्यगृह सुरू झालं. त्या काळी शहरातल्या कित्येक नृत्यगृहांची दारं काळ्या लोकांना बंद होती. सॅव्हॉयमध्ये काळे आणि गोरे एकाच जमिनीवर नाचायचे. लिंडी हॉप हा जोडीचा नाच तिथं बहरला आणि पुढे जगभर गेला. दार उघडं ठेवल्यानं नाच बाटला नाही, वाढला.

पण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवताना आपलं दारही बघू या. मुलींनी नाचूच नये, असं म्हणणारी माणसं आपल्यातही कमी नाहीत. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. परक्या पुरुषांसमोर नाचायचं नाही असं एखादीनं ठरवलं, तर मला त्याचा आदर आहे. मीही नाचत नाही. म्हणून तर फक्त बायकांची संध्याकाळ मला मोलाची वाटते. माझ्या विद्यार्थिनीनं काय करावं, हे तिनं ठरवावं. तिथं "नको" म्हणणं तिला सोपं जायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

अशी संध्याकाळ भरवणाऱ्या बाईवर मोठी जबाबदारी असते. ती एकदा माझ्या हातून सुटली, तेही सांगते.

काही वर्षांपूर्वी मी शिकवत होते त्या शाळेत आम्ही मुली आणि त्यांच्या आयांसाठी फुगडीची दुपार ठेवली. पुरुष शिक्षकांनाही त्या दुपारी आत येऊ दिलं नाही. आठवीतली एक मुलगी, एरवी वर्गात तोंड उघडत नसे, ती अशी फिरली की बघत राहावं. मी मोबाइल काढला, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला आणि कौतुकानं शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत तो तिच्या वडिलांच्या मोबाइलवर पोहोचला होता. मधे कुणी पुढे पाठवला, हे शोधण्यात अर्थ नव्हता. सर्वांत आधी पाठवणारी मीच होते.

सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. मी घरी गेले. वडील अदबीनं बोलले, चहा दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या भरवशावर पाठवली होती." मी काय बोलणार? तिनं सगळं वजन माझ्यावर टाकलं होतं आणि मी मधेच हात सोडला होता. तीन आठवड्यांनी ती वर्गात परत आली, पण शाळेच्या एकाही कार्यक्रमात पुन्हा उतरली नाही.

तेव्हापासून मी अशी संध्याकाळ ठरवते तिथं दारात एक टोपली असते. सगळ्यांचे मोबाइल तिच्यात जातात, पहिला माझा. बाकीचे नियम साधे आहेत. काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या. ओढणी कमरेला घट्ट खोचायची. फरशी ओली असेल तर मातीवर खेळायचं. दोन जोड्यांमध्ये आणि भिंतीपासून भरपूर जागा सोडायची. जिला खेळायचं नसेल तिनं बसून पकवा धरायचा, म्हणजे तोंडानं फू-फू करत ठेका द्यायचा. ठेका देणारी बाई खेळात असतेच, तिला कुणी उठवत नाही. ठरलेल्या वेळेला खेळ संपवायचा, आणि शेवटची मुलगी घरी पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत आपण कुलूप लावून निघायचं नाही.

यातलं बरंचसं पुण्यातल्या क्लासलाही लागू पडेल, असं मला वाटतं. नाच कुठलाही असो, माणसं तीच असतात. पडायची भीती सगळ्यांना वाटते आणि आपल्याला कुणी विचारणार नाही ही भीती त्याहून जास्त वाटते.

आठवीतली ती मुलगी आता कॉलेजात असेल. एखाद्या हळदीला, एखाद्या फेराला समोर दिसली, तर दोन्ही हात पुढे करून थांबायचं मी ठरवलंय. ती नको म्हणाली, तरी चालेल.