थोडंसं घ्या, काही होत नाही!

आपल्याकडे पाहुण्याच्या पोटाविषयी अंतिम निकाल देण्याचा अधिकार पाहुण्याला नसतो. तो यजमानाकडे असतो. "मला दूध सोसत नाही हो," असं कोणी म्हटलं, की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "अहो, थोडंसं घ्या, काही होत नाही!" ज्याला व्हायचं त्याला होतं, आणि नेमकं रात्री दोन वाजता होतं. त्या वेळी यजमान सुखाने घोरत असतो.

मी या 'थोडंसं'च्या कायमचा विरोधात आहे.

आता बघा, जगातल्या सुमारे दोन तृतीयांश मोठ्या माणसांना दुधातली साखर नीट पचत नाही. ती पचवणारं लॅक्टेज लहानपणानंतर त्यांच्या आतड्यात कमी कमी होत जातं. म्हणजे दूध न सोसणाऱ्यांचा पक्ष चांगला बहुमतात आहे, आणि तरीही तो बिचारा विरोधी बाकांवर! दुधाची ॲलर्जी ही याहून निराळी भानगड. ती दुधातल्या प्रथिनांची असते आणि चमचाभर दहीसुद्धा जिवावर बेतू शकतं. तुपातही त्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. तेव्हा "दूध कुठंय, नुसतं तूप सोडलंय" हा युक्तिवाद कोर्टातसुद्धा टिकायचा नाही.

परवा माझी भाची तळेगावला लोकलमधून उतरून आमच्या वराळ्याला आली. तिच्या सात वर्षांच्या चिरंजिवांना ही ॲलर्जी. आणि त्यांना खायचं होतं काय, तर चित्रात पाहिलेलं क्विश! मी डबे उघडले. बिस्किटांच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचली तर त्यात दूध पावडर. पुडा परत फळीवर. सकाळचा इंद्रायणीचा भात मात्र होता. मावळात त्याला तोटा नाही. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून निघालेलं हे १९८७ सालचं वाण. त्याचा भात लग्नाच्या फोटोतल्या नातेवाइकांसारखा एकमेकांना चिकटून बसतो. तेलाच्या हाताने तो पॅनमध्ये थापला, कडा उभ्या केल्या, खालून खरपूस होऊ दिला. वर तीन अंडी, अर्धी वाटी नारळाचं दूध, परतलेला कांदा, पालक, मीठ, मिरपूड. झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटं. अंडं उष्णतेनं आपसूक धरतं. त्याला सायीची शिफारस लागत नाही. ज्यांना अंडं चालत नाही त्यांनी बेसन भिजवावं.

शेजारच्या काकू डोकावल्या. "चीज नाही, साय नाही, मैद्याची पारी नाही. याला क्विश कोण म्हणेल?"

काकूंच्या हातात एकादशीची साबुदाण्याची खिचडी होती. साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचा, मिरचीही अमेरिकेचीच. एका बशीत चार परदेशी पाहुणे, आणि उपास मात्र अभंग! आपण बेसनाच्या पोळ्याला टोमॅटो ऑम्लेट म्हणतो, त्या वेळी अंडं कुठे गेलं असं कोणी विचारत नाही. शुद्धतेचा सगळा कडकपणा नेमका परक्याच्या क्विशवर! खरं सांगायचं तर फ्रान्समधल्या लॉरेन प्रांताच्या जुन्या क्विशमध्ये अंडी, साय आणि डुकराचं खारवलेलं मांस असे; चीज मागाहून घुसलं. क्विश हा शब्दच मुळी 'केक' या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलेला. जिथं नावही उसनं, तिथं आमच्या भातालाच कसली जातपडताळणी?

आग्रहात माया असते, हे मला मान्य आहे. पण पानात न विचारता वाढलेलं तूप ही माया त्या पोराच्या घशाला कळत नाही. आणि ज्याला प्रत्येक पंगतीत "मला चालत नाही" हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, तो हळूहळू पंगतीलाच जाईनासा होतो. ते मला फार वाईट वाटतं. म्हणून माझी मागणी साधी आहे: चूल पेटवायच्या आधी पाहुण्याला विचारा, आणि तो सांगेल ते खरं माना. घरात असेल त्यात काहीतरी जमतंच; नावावरून मागाहून भांडू. आणि आग्रह केल्याशिवाय राहवतच नसेल, तर आणखी दोन दिवस राहण्याचा करा. त्यात दूध नसतं.