खोल समुद्रातला मासा ‘नवीन’ आहे, हे ठरवतं कोण?

फेब्रुवारी 2025 मध्ये एक व्हिडिओ बहुतेक तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. काळाकुट्ट, भल्यामोठ्या जबड्याचा, सुईसारख्या दातांचा मासा उजेडातल्या पाण्यात पोहतोय. स्पेनच्या टेनेरिफ बेटाजवळचा हा व्हिडिओ. बघणाऱ्याला वाटावं, की हा कुठला तरी नवाच जीव आहे.

मासा मात्र जुना होता. मेलॅनोसेटस जॉन्सोनी हे त्याचं शास्त्रीय नाव, अँगलरफिशचा एक प्रकार. अल्बर्ट गुंथर या प्राणिशास्त्रज्ञाने 1864 मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय. नवीन होतं ते चित्रीकरण. एरवी काळोखात राहणारा हा मासा जिवंतपणी, दिवसाउजेडी, पृष्ठभागाजवळ दिसला होता.

त्याच सुमारास आपल्या अरबी समुद्रातून खरोखरच्या नव्या प्रजातीची बातमी आली. खोल पाण्यातला एक शार्क. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. कारण त्याचा व्हिडिओ नव्हता. होता तो एक शोधनिबंध, त्यात मोजमापं, मणक्यांची संख्या आणि दातांचा हिशेब.

‘नवीन प्रजाती सापडली’ असं म्हणतात तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? आणि समुद्रापासून लांब जालन्यात बसून आपण याकडे का बघायचं?

अरबी समुद्रात काय सापडलं?

या शार्कचं नाव स्क्वालस हिमा. भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या संस्थेने त्याचं वर्णन केलं. नमुने मिळाले केरळच्या कोल्लम जिल्ह्यातल्या शक्तिकुलंगरा या मासेमारी बंदरावर.

लहान शार्कला आपल्या किनाऱ्यावर मुशी किंवा मोरी म्हणतात. स्क्वालस हा साधारण त्याच चणीच्या, पण खोल पाण्यात राहणाऱ्या शार्कचा वंश. पाठीवर दोन पर, प्रत्येक परापुढे एक काटा, आणि पोटाखाली शेपटीजवळ असतो तो पर गायब, ही या वंशाची खूण.

खोल समुद्रातला मासा शोधायला पाणबुडीच लागते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात खोल पाण्यातले बरेच मासे शास्त्रज्ञांना बंदरावरच भेटतात. शक्तिकुलंगराच्या ट्रॉलर खोल पाण्यातली कोळंबी पकडायला जातात. जाळ्यात कोळंबीबरोबर बाकीचंही येतं. बंदरावर टाकलेल्या त्या ढिगात काहीतरी वेगळं आहे, हे ओळखणारी नजर तिथे असावी लागते.

मग मुंबईच्या ससून डॉकवर असं का होत नाही?

याचं उत्तर समुद्राच्या तळात आहे. किनाऱ्यापासून समुद्राचा तळ हळूहळू उतरत जातो. साधारण 200 मीटर खोलीपर्यंतच्या या उथळ भागाला खंडमंच म्हणतात. त्यापुढे तळ एकदम खाली जातो आणि खोल समुद्र सुरू होतो.

मुंबईसमोर हा खंडमंच शेकडो किलोमीटर पसरलेला आहे. दक्षिणेकडे केरळपर्यंत जाताना तो अरुंद होतो. त्यामुळे तिथल्या बोटी खोल पाण्यात लवकर पोचतात. महाराष्ट्राला पापलेट, बोंबील, सुरमई देणारं पाणी बहुतेक उथळच आहे.

तरी या कहाणीत मुंबई आहेच. भारतीय समुद्रातल्या खोल पाण्यातल्या माशांचा पहिला मोठा अभ्यास ज्या जहाजावरून झाला, ते ‘इन्व्हेस्टिगेटर’ 1881 मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेलं होतं. आल्फ्रेड आल्कॉक हे डॉक्टर 1888 पासून काही वर्षं या जहाजावर निसर्गअभ्यासक होते. जाळ्यात आलेले मासे त्यांनी मोजले, त्यांची वर्णनं लिहिली, आणि 1899 मध्ये भारतीय खोल समुद्रातल्या माशांची सविस्तर यादी प्रसिद्ध केली. आजही या भागात नवा मासा मिळाला, की आधी आल्कॉकने तो पाहिला होता का हे तपासावं लागतं.

‘नवीन’ हे सिद्ध कसं करतात?

जालन्यात हे समजावणं सोपं आहे, कारण इथे बियाण्यांच्या कंपन्या आहेत. एखाद्या कंपनीने नवं वाण आणलं म्हणजे नुसतं ‘आमचं वाण नवीन आहे’ म्हणून भागत नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणी हवी असेल, तर ते आधीच्या वाणांपेक्षा वेगळं आहे, सगळी झाडं एकसारखी येतात आणि पुढच्या पिढीतही गुण टिकतात, हे दाखवावं लागतं.

माशाचंही काहीसं तसंच आहे. फरक एवढाच, की इथे वाण माणसाने तयार केलेलं नसतं.

पहिलं काम म्हणजे तुलना. हातातला मासा त्याच वंशातल्या आधीच्या प्रत्येक प्रजातीशी ताडून बघायचा. स्क्वालस हिमाच्या बाबतीत जवळचा नातेवाईक होता स्क्वालस लालानेई. त्याचं वर्णन 2003 मध्ये सेशेल्स बेटांजवळच्या नमुन्यांवरून झालं होतं. दुसरा स्क्वालस मित्सुकुरी, 1903 मध्ये जपानमधून वर्णन झालेला. बघायला तिघंही जवळपास सारखेच. पण मणक्यांची संख्या, दातांची संख्या, डोक्याची आणि धडाची उंची, परांची ठेवण आणि रंग यांत फरक निघाला. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा लवचीक ऊतीचा असतो. त्यातले मणके न कापता मोजायचे तर एक्स-रे काढतात.

दुसरी अट, एका माशावर सगळा डोलारा उभा करायचा नाही. एखादा मासा आजारी असू शकतो, पिल्लू असू शकतो, नर-मादीत फरक असू शकतो. त्यामुळे शक्य तिथे अनेक नमुने तपासतात.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. तपासलेल्या नमुन्यांपैकी एक ‘मूळ नमुना’ ठरवतात. इंग्रजीत त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली, तर वाद फोटोवर नाही, या नमुन्यावर मिटतो. म्हणून तो संग्रहालयात जपून ठेवतात. 2002 च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम 39 नुसार, भारतात कुणालाही नवी प्रजाती मिळाली तर ती कळवणं आणि तिचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहसंस्थेत जमा करणं बंधनकारक आहे.

शेवटी नाव आणि प्रसिद्धी. दोन शब्दांचं नाव, पहिला वंशाचा, दुसरा प्रजातीचा. ही पद्धत प्राण्यांसाठी लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून धरली जाते. वर्णन रीतसर प्रसिद्ध झालं तरच नाव ग्राह्य. पत्रकार परिषदेत जाहीर केलेलं किंवा इन्स्टाग्रामवर टाकलेलं नाव चालत नाही.

फोटो किंवा डीएनए पुरेसा नाही का?

आधी फोटोचं बघू. पाण्यात दर 10 मीटर खाली गेलं की साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. 1,000 मीटरवर तो पृष्ठभागापेक्षा 100 पटीने जास्त असतो. तिथला मासा वर आणला की शरीर बिघडतं. ‘जगातला सगळ्यात कुरूप मासा’ म्हणून मीम्समध्ये फिरणारा तो गुलाबी, ओघळलेल्या तोंडाचा ब्लॉबफिश आठवा. आपल्या खोलीवर, पाण्याच्या दाबाखाली तो बऱ्यापैकी माशासारखाच दिसतो. तो फोटो म्हणजे वर ओढल्यावर झालेली त्याची दशा आहे. रंगाचंही तेच, मेलेल्या माशाचा रंग काही तासांत उडतो.

डीएनए मोठी मदत करतो. जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचून तो जगभरातल्या नोंदींशी जुळवतात. याला डीएनए बारकोडिंग म्हणतात. पण बारकोड दुकानात उपयोगी पडतो तो आधी कुणीतरी वस्तूची नोंद केलेली असते म्हणून. मूळ नोंदीत माशाचं नावच चुकीचं टाकलं असेल, तर जुळणीही चुकीचीच येणार.

पापलेटचं उदाहरण

असं होतं का? आपल्या ताटातल्या माशाचंच बघा. महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. या चंदेरी पापलेटचं शास्त्रीय नाव वर्षानुवर्षं पॅम्पस आर्जेन्टियस असं लिहिलं जायचं. 2019 मध्ये झूलॉजिकल स्टडीज या नियतकालिकात भारतीय संशोधकांचा निबंध आला. आपल्याकडच्या चंदेरी पापलेटची मोजमापं आणि डीएनए त्यांनी तपासले. निष्कर्ष असा, की उत्तर हिंदी महासागरातला हा मासा वेगळा आहे आणि त्याचं खरं नाव पॅम्पस कँडिडस.

गंमत म्हणजे हे नाव नवं नव्हतंच. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युविए यांनी 1829 मध्ये ‘कँडिडस’ हे नाव दिलं होतं. नंतरच्या लोकांनी दोन्ही मासे एकच समजून ते बाजूला टाकलं. खोल समुद्रातला नाही, रोज बाजारात येणारा, हजार रुपयांच्या घरात जाणारा मासा, आणि त्याच्या नावाचा घोळ दीडशेहून जास्त वर्षं चालला.

नावाने फरक काय पडतो?

फरक पडतो, कारण नियम नावावर चालतात. 2023 मध्येच महाराष्ट्राने 54 प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. चंदेरी पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे. असा आकडा मासा पहिल्यांदा अंडी कधी घालतो यावरून काढतात. चीनच्या किनाऱ्यावरच्या पापलेटचं वय-वाढीचं गणित ‘नाव एकच आहे’ म्हणून आपल्या पापलेटला लावलं, तर लहान मासे मारले जातील आणि पुढच्या हंगामात जाळी रिकामी येतील.

खोल पाण्यातल्या शार्कचं संकट याहून गंभीर आहे. शार्कला हवेची पिशवी नसते. तरंगायला मदत करतं ते तेलाने भरलेलं यकृत. या तेलातलं स्क्वालीन सौंदर्यप्रसाधनांत आणि औषधनिर्मितीत वापरतात, त्यामुळे यकृताला भाव आहे. उलट हे शार्क वाढतात फार सावकाश. याच वंशातल्या स्पायनी डॉगफिशच्या मादीला पिल्लं व्हायला जवळपास दोन वर्षं लागतात.

मार्च 2024 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात खोल पाण्यातल्या शार्क आणि रे माशांच्या 521 प्रजाती तपासल्या होत्या. दर सातांमागे एक प्रजाती धोक्यात असल्याचं आढळलं, आणि मुख्य कारण होतं तेल आणि मांसासाठीची मासेमारी.

आता विचार करा, या यादीत नाव नसलेल्या माशाचं काय? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत प्राणी नावाने येतात. व्हेल शार्कला 2001 मध्ये संरक्षण मिळालं, ते त्याच्या नावाने. ज्याला नावच नाही, तो बंदरावर ‘इतर शार्क’ या रकान्यात जातो. दोन प्रजाती एकाच नावाखाली मोजल्या, तर एक संपत आली तरी एकूण आकडा ठीकच दिसतो. स्क्वालस हिमाला नाव मिळालं म्हणजे तो वाचला असं नाही. पण आता निदान त्याची वेगळी मोजणी करता येईल.

पुढची पोस्ट शेअर करण्याआधी

केंद्र सरकारच्या डीप ओशन मिशनला 2021 मध्ये मंजुरी मिळाली. तीन माणसांना 6,000 मीटर खोल नेणारी ‘मत्स्य 6000’ ही पाणबुडी त्यातूनच तयार होतेय. म्हणजे पुढच्या काही वर्षांत विचित्र माशांचे भारतीय व्हिडिओही येतील आणि प्रत्येकावर ‘नवीन प्रजाती’ लिहिलेलं असेल.

तेव्हा चार गोष्टी बघा. दोन शब्दांचं शास्त्रीय नाव दिलंय का? कोणत्या नियतकालिकात वर्णन आलं, हे सांगितलंय का? मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवलाय? आणि जवळच्या कोणत्या प्रजातीपेक्षा तो कशात वेगळा आहे? चारही उत्तरं मिळाली, तर मासा बहुधा खरंच नवीन आहे. एकही मिळालं नाही, तर व्हिडिओ नवीन आहे एवढंच समजा.