औशाचा किल्ला गेममध्ये आणायचाय? आधी आयकॉन स्वतःचे काढा

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी औशाचा भुईकोट किल्ला गेममध्ये उभा करायला घेतला होता. दुहेरी तटबंदी, बाहेर खंदक, बुरुजांवर तोफा. आराखडा आयताच हाताशी होता. भिंती झाल्या. मग शत्रू कुठून येणार, दार कशाने उघडणार, खंदकात पडलेला खेळाडू परत कुठे उभा राहणार, ही ठिकाणं टाकली. महिनाभराने फाइल उघडली, तर स्क्रीनवर नुसते करडे चौकोन. शत्रू कोणता आणि दार कोणतं, हे मलाच सांगता येईना.

लेव्हल एडिटर म्हणजे गेमचा एकेक टप्पा मांडायचं सॉफ्टवेअर. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खेळणाऱ्याला दिसतच नाहीत. त्या मांडणाऱ्याला ओळखू याव्यात म्हणून तिथे छोटं चित्र लावतात, तोच स्प्राइट आयकॉन. युनिटीत ‘गिझमोज’ फोल्डर आणि अनरियलमध्ये ‘बिलबोर्ड’ यासाठीच आहे. पण साधा लॅपटॉप असेल तर मोफत ‘टाइल्ड’पासून सुरुवात करावी, असं माझं मत.

मागची बाजू पारदर्शक असलेलं 32 बाय 32 पिक्सेलचं पीएनजी चित्र काढा. टाइल्डमध्ये नवा टाइलसेट करताना ‘कलेक्शन ऑफ इमेजेस’ निवडा, चित्रं त्यात टाका आणि ऑब्जेक्ट लेयरवर ‘इन्सर्ट टाइल’ने हवी तिथे ठेवा. हा लेयर वेगळाच असू द्या. गेमच्या कोडने तो फक्त वाचायचा, स्क्रीनवर काढायचा नाही. नाहीतर खेळणाऱ्यालाही बुरुजावर तुमचा आयकॉन लटकताना दिसेल.

आणखी एक. टाइल्ड नकाशात चित्र साठवत नाही, फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवतं. मी पेनड्राइव्हवर नकाशाची फाइल तेवढी नेली, चित्रांचं फोल्डर घरीच राहिलं. परीक्षकांसमोर एकही तोफ दिसली नाही! नकाशा आणि चित्रं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि हलवायचं तर अख्खं फोल्डर हलवा.

तयार आयकॉन पॅक ढिगाने मिळतात, मग स्वतः कशाला काढायचे? त्या पॅकमध्ये बहुतेक युरोपातले टोकदार मनोरे असतात. दिवसभर तेच समोर असलं की लेव्हलही त्याच वळणाची होत जाते, हा माझा अनुभव. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला, तो राजस्थानी वास्तुकला आणि पहाडी चित्रशैलीवर उभा होता. मराठवाड्यातल्या भुईकोटांवर तसं काम का होऊ नये? ‘लातूर पॅटर्न’च्या मुलखात गेम म्हणजे अभ्यासाचं वाटोळं, हे मीही घरी भरपूर ऐकलंय. खेळणं आणि बनवणं यातला फरक आईला पटला तो तिने स्क्रीनवर बुरूज ओळखला तेव्हा.

सुट्टीत किल्ल्यावर जा, तोफेचा बाजूने फोटो काढा आणि त्यावरून आयकॉन करा. 32 पिक्सेलमध्ये तोफ लाकडाच्या ओंडक्यासारखी दिसायला लागली, तर सरळ 64 घ्या.