एका पडद्याची अनेक दालने

कडोदऱ्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग व सुरत-बारडोली रस्ता एकमेकांस छेदतात. तेथील चार रस्त्यावर गाड्यांची जी दाटी होते, तीच आता घरच्या संगणकाच्या पडद्यावर होऊ लागली आहे. आसपासच्या रंगाई-छपाईच्या मिलांचे हिशेब लिहिणाऱ्या मराठी गृहस्थाच्या घरी बहुधा एकच यंत्र असते. त्यावर टॅलीची वही, ग्रे कापडाची चलाने, जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचे पान आणि मुलीचा दहावीचा अभ्यास, सारे एकावर एक रचलेले. अशा गर्दीत एका पार्टीचे बिल दुसऱ्याच पार्टीस रवाना व्हावयास वेळ लागत नाही.

यावर मोठा पडदा घ्यावा असे पुष्कळांस वाटते. पैसे मोजण्यापूर्वी यंत्रात काय आहे ते पाहावे, असे आम्ही म्हणू. कल्पना जुनीच आहे. १९८६ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड यांनी ‘रूम्स’ नावाची रचना मांडली : पडदा एकच, पण खोल्या अनेक, आणि प्रत्येक खोलीत एका कामापुरतेच सामान. नाव मोठे समर्पक! देवघरातले ताम्हन आपण स्वयंपाकघरात थोडेच ठेवतो?

विंडोजमध्ये ही सोय दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, अंगचीच आहे. तीस व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. विंडोज, कंट्रोल व डी या कळा एकदम दाबताच नवे, मोकळे मेज पुढे येते. डी-ऐवजी बाणाची कळ दाबली की शेजारच्या मेजावर जाता येते. विंडोज व टॅब दाबल्यास सारी मेजे एकत्र दिसतात. तेथे एका मेजावरील खिडकी ओढून दुसऱ्यावर ठेवावी. लिनक्सवाल्यांस यात नवल वाटणार नाही. मायक्रोसॉफ्टची ‘डेस्कटॉप्स’ ही निराळी आज्ञावली विनामूल्य मिळते, परंतु तीत चारच मेजे असतात आणि एकावरची खिडकी दुसऱ्यावर हलविता येत नाही. हिशेबाच्या कामास ती आम्हांस गैरसोयीची वाटते.

मात्र मेज बदलणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. अभ्यासाच्या मेजावर बसलेले मूल एका कळीसरशी कामगारांच्या पगारपत्रकावर येऊन पोहोचते. मिलच्या मालकाने विश्वासाने सोपविलेले आकडे असे उघडे ठेवणे बरे नाही. त्यासाठी घरातील प्रत्येकाचे स्वतंत्र खाते व स्वतंत्र संकेतशब्द हवा. त्यास दुसरा उपाय नाही. मेजे वाढविल्याने यंत्राची स्मरणशक्तीही वाढत नाही, हे चार जीबीच्या जुन्या यंत्रावर लगेच कळून येते.

आमच्या मते दोन-तीन मेजे पुरेत. महिनाअखेरीस एखादे मिटविताना भिऊ नये. त्यावरील खिडक्या बंद न होता शेजारच्या मेजावर सरकतात.