पथकराची मार्गिका आणि लोकांचा हक्क

रस्ता रुंद केला की कोंडी सुटते, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झालेली आहे की, एखाद्या महामार्गावर वाहनांची रांग लागताच लोकप्रतिनिधींपासून प्रवाशांपर्यंत सर्वांच्या मुखातून प्रथम रुंदीकरणाचीच मागणी बाहेर पडते. वस्तुतः अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच असे प्रतिपादन केले होते की, गर्दीच्या वेळी मोकळा झालेला रस्ता फार काळ मोकळा राहत नाही. जे लोक पूर्वी दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या वेळी किंवा आगगाडीने जात होते ते या मोकळेपणाच्या ओढीने त्याच रस्त्यावर येतात आणि अल्पावधीत स्थिती पूर्वपदावर जाते. मग नव्या मार्गिकेवर पथकर बसवून ती मोकळी ठेवावी काय? माझ्या मते ठेवावी; परंतु तिचा दर ठरवण्याची सत्ता लोकांच्या हाती असेल आणि तिच्यावर पहिला हक्क बसचा असेल, तरच.

या विषयात कॅलिफोर्नियाच्या ९१ क्रमांकाच्या राज्यमार्गाचा अनुभव फार बोधप्रद आहे. रिव्हरसाइड परगण्यात घरे तुलनेने स्वस्त, ऑरेंज परगण्यात नोकऱ्या विपुल, आणि दोहोंच्या मध्ये सांता आना नदीची अरुंद घळ. त्यामुळे रोज सकाळी पश्चिमेकडे आणि सायंकाळी पूर्वेकडे चाकरमान्यांचा लोंढा त्या एकाच वाटेने वाहत असे. बदलापूर-विरारहून मुंबई गाठणाऱ्यांना ही परिस्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. राज्याच्या तिजोरीत रुंदीकरणासाठी पैसा नव्हता, म्हणून एका खासगी कंपनीला पस्तीस वर्षांच्या मुदतीने हक्क देण्यात आले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये महामार्गाच्या मधोमध, सुमारे सोळा किलोमीटर लांबीच्या चार नव्या पथकर-मार्गिका सुरू झाल्या.

त्यांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तेथे नाका नाही, दांडी नाही, सुट्या पैशांसाठी थांबणे नाही. मार्गिकांचे प्रवेशद्वार येण्यापूर्वी फलकावर त्या तासाचा दर झळकतो, आणि वाहनचालकाने तेवढ्यात निश्चय करावयाचा असतो की लवचीक खुंटांच्या ओळीपलीकडे दाम मोजून जावे की अलीकडच्या गर्दीत विनामूल्य राहावे. दर तासागणिक आणि वारागणिक बदलतो. शुक्रवारी दुपारी घराकडे परतणाऱ्यांना तो सर्वांत जड पडतो. वाहनांची संख्या मार्गिकेच्या क्षमतेच्या जवळ जाऊ लागली की दर वाढवावा आणि ती घटली की उतरवावा, असा हा नियम आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हेच तत्त्व १९५०च्या दशकात मांडले होते: रस्त्याचा दर हा खर्चाच्या वसुलीचा उपाय नव्हे, तर गर्दीच्या नियमनाचे साधन होय.

तथापि दर नियमनाचे साधन असला तरी तो कोणाच्या मुठीत आहे, हा प्रश्न राहतोच. कंपनीशी झालेल्या करारनाम्यात एक कलम असे होते की, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दीड मैलाच्या पट्ट्यात सरकारने स्पर्धा करणारी वाढ करू नये. पुढे सार्वजनिक मार्गिकांवरील कोंडी वाढली आणि राज्याच्या परिवहन खात्याने तेथे भर घालण्याचा बेत केला, तेव्हा कंपनी न्यायालयात गेली व खात्याला माघार घ्यावी लागली. ज्या रस्त्याची कोंडी कमी व्हावी म्हणून करार झाला, त्याच रस्त्याची कोंडी कायम राहण्यात एका पक्षाचे हित गुंतले होते. अखेर २००३ साली ऑरेंज परगण्याच्या परिवहन प्राधिकरणाने २० कोटी ७५ लाख डॉलर मोजून हे हक्क विकत घेतले, आणि मगच ते जाचक कलम गळाले. आपलाच रस्ता सुधारण्याची मोकळीक जनतेला पैसे मोजून परत घ्यावी लागली.

आपल्या राज्याचा पथकराचा इतिहास याहून निराळा धडा देत नाही. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरील वसुलीचा मक्ता २०१० साली सोळा वर्षांसाठी २,१०० कोटी रुपयांना दिला गेला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा २०२० साली, २०३० पर्यंत, ८,२६२ कोटींना. मोठी रक्कम आगाऊ घेऊन पुढील वर्षांचे उत्पन्न गहाण टाकण्याच्या या पद्धतीत पथकराचा हेतू वसुली एवढाच उरतो. गर्दीच्या आणि निवांत वेळी दर सारखाच, आणि वाहनांची रांग पाव कोसाची असो वा कोसाची, मक्तेदाराच्या हिशेबात फरक पडत नाही. कोल्हापूरच्या जनतेने प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली पथकराविरुद्ध जो दीर्घ लढा दिला, त्याच्या मुळाशी अशा वसुलीविषयीचा संताप होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना माफी देण्यात आली. लोकांना त्यात सुटका वाटली, हे स्वाभाविकच. पण माफीने खासगी मोटारींना नाक्यावरची मोकळीक मिळाली, आणि मोटारींच्याच गर्दीत अडकलेल्या एसटी व बेस्टच्या बसला, जिच्यात दांड्यांना धरून साठ-सत्तर माणसे उभी-बसलेली असतात, कसलाच अग्रक्रम मिळाला नाही.

पथकर-मार्गिका ही धनिकांची वाट आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. पाळणाघरातून मूल वेळेवर आणण्यासाठी एखादी परिचारिका अडीनडीला दाम मोजील हे खरे. पण रोज दोन वेळा मोजणे तिला परवडणार नाही. या आक्षेपाचे निराकरण सॅन दिएगोच्या १५ क्रमांकाच्या महामार्गावर काही अंशी झाले: तेथे एकेकट्या मोटारवाल्यांकडून घेतलेल्या पथकरातून त्याच मार्गावरील बससेवेला पैसा पुरवण्यात आला. जो दाम देऊ शकतो त्याच्या पैशातून जो देऊ शकत नाही त्याचा प्रवास सुकर व्हावा, यातच या व्यवस्थेतला न्याय आहे.

म्हणून द्रुतगती मार्गाच्या रुंदीकरणाचे प्रस्ताव असोत वा ठाणे-भिवंडीकडील महामार्गांचे, प्रत्येक नव्या मार्गिकेपूर्वी शासनाने तीन गोष्टी करारनाम्यात नव्हे, तर कायद्यात लिहून द्याव्यात. दर ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक प्राधिकरणाचाच राहील व तो मक्त्याने दिला जाणार नाही. त्या मार्गिकेवरून बस विनामूल्य आणि सर्वांआधी जाईल. आणि जमा झालेला पैसा, त्याचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करून, त्याच वाटेवरील सार्वजनिक वाहतुकीवर खर्च होईल. एवढे मान्य होणार नसेल, तर नव्या मार्गिकेसाठी एक गुंठाही भूसंपादन करू नये. कारण दहा वर्षांनी तीच कोंडी अधिक रुंद रस्त्यावर उभी राहील, आणि त्या रस्त्यावरचा लोकांचा हक्क मात्र तोवर दुसऱ्याच्या दप्तरी जमा झालेला असेल.