मोबाइल कुणाच्या हातात होता?



गेल्या आठवड्यात कपाट आवरताना एक पिशवी हाती लागली. सासूबाईंच्या २०२० सालच्या औषधांच्या चिठ्ठ्या. त्या काळात चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो होऊन यायची, माझ्या धाकट्याने नंतर सगळ्यांच्या प्रिंट काढून ठेवल्या होत्या. गुडघ्याची गोळी, साखरेची गोळी, बीपीची गोळी, कॅल्शियम. पाच चिठ्ठ्या, जुलै ते डिसेंबर. त्या पाचही चिठ्ठ्यांत जी गोष्ट असायला हवी होती ती एकीतही नाही. त्याबद्दल आज लिहितेय, आणि सासूबाईंना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, "लिही, पण नाव घालू नकोस. बायकांना कळू दे."

तेव्हाचे दिवस तुम्हा सगळ्यांना आठवत असतीलच. मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं. बस्तीचा दरवाजासुद्धा बंद. आमच्यापासून मिरज काही फार लांब नाही, आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, पण अडुसष्ट वर्षांच्या साखर असलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं म्हणजे विकतचं दुखणं, असं आम्हाला वाटायचं. डॉक्टरही सांगत होते की शक्यतो येऊ नका, फोन करा.

आता यातली एक गंमत मला फार नंतर कळली. त्याआधी फोनवर औषध देणं हे डॉक्टरांसाठी धोक्याचं काम होतं. चालतं की चालत नाही, याचा स्पष्ट नियमच नव्हता. २०१८ मध्ये रत्नागिरीचं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. बाळंतीण दवाखान्यात आणि डॉक्टर गावाबाहेर, फोनवरून औषधं सांगितली गेली आणि ती बाई दगावली. न्यायालयाने त्या डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर डॉक्टर मंडळी फोनवर "या, दाखवून जा" एवढंच म्हणायची, ते उगीच नव्हतं.

मग २५ मार्च २०२० ला, म्हणजे ज्या दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. जे काम वर्षानुवर्षं रेंगाळलं होतं ते साथीने झालं. नोंदणी असलेला कुठलाही डॉक्टर आता व्हिडिओवर, नुसत्या फोनवर, अगदी मेसेजवरसुद्धा सल्ला देऊ शकतो असं ठरलं. चिठ्ठीचा फोटो चालेल असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी औषध दुकानदारांना घरपोच औषधं द्यायची परवानगी मिळाली. एप्रिलमध्ये सरकारची ई-संजीवनी ओपीडी घरबसल्या आणि फुकट सुरू झाली. एरवी सरकारी कामाला किती वर्षं लागतात ते आपण जाणतोच!

आमच्या घरात याचा केवढा आनंद झाला होता! पुढच्या खोलीत टीपॉयवर तांब्या, तांब्याला टेकवून नातवाचा मोबाइल, समोर खुर्चीत सासूबाई. बाजूला हे, हातात साखरेच्या मापांची वही घेऊन. मामंजी झोपाळ्यावर. धाकटा मोबाइल पडू नये म्हणून धरून उभा. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायची. डॉक्टर विचारायचे, "आजी, आणखी काही त्रास?" सासूबाई म्हणायच्या, "नाही, बरंय."

पाच वेळा हेच झालं.

जानेवारीत एकदा मोरीत त्यांचं लुगडं पिळताना मला डाग दिसला. त्या महिनोन्‌महिने आपले कपडे आपणच धूत होत्या. मला वाटायचं, जुनी सवय. पाळी जाऊन अठरा वर्षं झालेल्या बाईच्या कपड्याला डाग! मी विचारलं तर आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जुलैपासून आहे. अधूनमधून." मी म्हटलं, आई, डॉक्टर दर महिन्याला विचारत होते ना? त्यावर त्या म्हणाल्या ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "कसं सांगू? तुझे मामंजी समोर होते. पोरगं मोबाइल धरून उभं होतं."

दुसऱ्याच दिवशी मिरजेला नेलं. तपासणी, सोनोग्राफी, तुकडा तपासायला पाठवला. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. पहिल्या टप्प्यात होता हे आमचं नशीब. शस्त्रक्रिया झाली, आज त्या ठणठणीत आहेत आणि मी वाटण जाडसर ठेवलं म्हणून मला बोलतात. पण सहा महिने गेले ते गेलेच. मैत्रिणींनो, पाळी पूर्ण थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थेंबभर, एकदाच दिसलं, तरी ते फोनवर निभावून न्यायचं नाही. प्रत्येकीला कर्करोग असतो असं मुळीच नाही, बहुतेकींचं कारण साधं निघतं. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासायला बाईने दवाखान्यात जावंच लागतं.

यात डॉक्टरांची चूक मी धरत नाही. त्यांनी विचारलं होतं. चूक घराची होती, आणि घरात मी पण आले. "डॉक्टर घरात आले, किती सोय झाली!" असं मी भिशीत सगळ्यांना सांगत होते. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर निदान पडदा तरी ओढतात, बरोबरच्याला "जरा बाहेर थांबा" म्हणतात. आमच्या टीपॉयला कुठला पडदा?

नंतर मी ती मार्गदर्शक तत्त्वं मुद्दाम मराठी-इंग्रजी करत, लेकाला शेजारी बसवून, समजून घेतली. त्यात एक गोष्ट अशी आहे की रुग्णाने स्वतः फोन लावला तर त्याची संमती आहे असं धरलं जातं. बरोबरच आहे. पण आपल्या घरात फोन लावतं कोण? मुलगा लावतो, नातू लावतो, फार तर सून. ज्या बाईचं शरीर, तिच्या हातात मोबाइल नसतोच. नियम करणाऱ्यांनी डॉक्टर आणि रुग्ण अशा दोघांचा विचार केला, आणि काळजी घेणाऱ्या नातेवाइकाचाही केला. तो रुग्णाच्या वतीने बोलू शकतो, त्यासाठी रुग्णाचा अधिकार हवा, असंही त्यात आहे. पण तो नातेवाईक शेजारी उभा असल्यामुळेच रुग्ण गप्प बसते, त्याचं काय? माझं स्पष्ट मत आहे की फोनवरच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टरांनी सुरुवातीला "तुमच्याजवळ आत्ता कोण आहे? एकट्या बोलायचंय का?" एवढं विचारणं बंधनकारक असावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी नवे नियम आणले होते, त्यात फोनवरच्या उपचाराचाही भाग होता. ते त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणजे साथीच्या घाईत लिहिलेल्या त्या कागदावरच अजून कारभार चाललाय. घाईत लिहिलेलं आता तरी निवांत बसून सुधारावं.

तोपर्यंत त्या कागदात आपल्या कामाचं जे आहे ते तरी माहीत असू द्या. डॉक्टरांनी आधी आपलं नाव आणि शिक्षण सांगायचं असतं, चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो नसेल तर ती चिठ्ठी घेऊ नका. प्रत्यक्ष येऊन दाखवायचं आहे असं तुम्ही म्हणालात तर डॉक्टर "फोनवरच होईल" असा आग्रह धरू शकत नाहीत. काही औषधं पहिल्यांदा व्हिडिओवर बघूनच देता येतात, आणि अंमली पदार्थांच्या कायद्यात येणारी तर फोनवर अजिबात देता येत नाहीत. तेव्हा एखादी गोळी फोनवर नाकारली तर डॉक्टरांवर रागावू नका. समजा एखाद्या अ‍ॅपवर माणसाऐवजी यंत्रच तुम्हाला औषध लिहून देऊ लागलं, तर ते या नियमात बसत नाही. हे तर आता फारच लक्षात ठेवायला हवं, सगळीकडे तेच चाललंय.

आणि फोनवरचा अनोळखी डॉक्टर आपल्याला ओळखत नाही, हेही विसरू नका. आमच्या मिरजेच्या डॉक्टरांना तीस वर्षांत माहीत झालंय की सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत, दशलक्षणात उपवास धरतात, आणि कॅप्सूल जिलेटिनची असेल तर गुपचूप बाजूला ठेवतात. नव्या डॉक्टरला हे कसं कळणार? तो "दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर" लिहून मोकळा होतो, आणि आपली बाई दोनच वेळा घेते व सांगत नाही. साखरेची गोळी आणि उपवास एकत्र आले तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. आधीच सांगा. उपवासात गोळी कशी घ्यायची, हे विचारायला फोन उत्तम आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

मी फोनच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नका. ई-संजीवनीचा लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत असं सरकारनेच सांगितलं होतं, आणि मला ते वाचून बरं वाटलं. गुडघे दुखणाऱ्या बाईला दर महिन्याला बीपीची तीच गोळी लिहून घ्यायला एसटीने हेलपाटे घालायला लावणं हा छळ होता, तो थांबला. गावातल्या आरोग्य केंद्रात जाऊन, तिथल्या कर्मचाऱ्याने बीपी मोजून, मग मोठ्या डॉक्टरांशी स्क्रीनवर बोलणं ही सोय तर मला घरच्या फोनपेक्षाही आवडते. घरातलं कुणी आजूबाजूला नसतं!

आमच्याकडे आता पद्धत बदललीय. फोनची वेळ झाली की धाकटा सासूबाईंच्या खोलीत मोबाइल लावून देतो आणि बाहेर येतो. दार बंद. सुरुवातीला मामंजींना ते रुचलं नव्हतं, "आमच्यापासून काय लपवायचंय?" म्हणाले. त्यांना उत्तर सासूबाईंनीच दिलं, ते इथे लिहीत नाही.

परवा संध्याकाळी असंच झालं. वीस मिनिटांनी दार उघडलं. मी सवयीने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"ते माझं नि त्यांचं," त्या म्हणाल्या. "तू पानं घे. दिवस मावळायला आला."